तिसरा उजेड

"भारतीय हॉकीचा ऱ्हास हा गवताचा, काठीचा, खुराकाचा किंवा नशिबाचा प्रश्न नसून केवळ नजरेचा प्रश्न आहे, आणि तो सोडवण्याची किल्ली नवागामात आहे!"

सुरतेच्या नवागामातल्या चौकात हे वाक्य १९९६ च्या ऑगस्टमध्ये पांढऱ्या खडूने, सुवाच्य अक्षरात लिहिलं गेलं. ऑलिम्पिकमध्ये आपला संघ आठवा आला होता, आणि अशा वेळी कोणीतरी खंबीरपणे काहीतरी म्हणायला हवं होतं. दुपारपर्यंत त्याच्याखाली वाकड्या अक्षरात आणखी एक ओळ उमटली: "किल्ली नवागामातच असेल तर पाण्याच्या टाकीची बी बघा. तीन दिवस कुलूप आहे. – उषाबाई."

हा फळा प्लेगच्या साली आला. लोकांनी काय करावं नि काय करू नये, हे लिहायला तो चौकातल्या कडुनिंबाला टांगला होता. पण सूचना वाचत बसायला लोक होते कुठे? ते गाठोडी बांधून, मिळेल त्या गाडीने खान्देशात पोचले होते. परत आले तेव्हा प्लेग गेला होता, सूचना पावसाने पुसल्या होत्या आणि फळा तेवढा शिल्लक होता. रिकामा फळा फार वेळ रिकामा राहत नाही. अर्ध्या भागावर गल्लीतल्या उषाबाईने नळाच्या वेळा लिहायला सुरुवात केली. उरलेला अर्धा योगेंद्र बोरसेने घेतला.

योगेंद्र शास्त्रज्ञ होता. म्हणजे एम.एस्सी. रसायन, आणि बमरोलीच्या एका मिलच्या लॅबमध्ये नोकरी. लॅब म्हणजे दोन टेबलं, एक काटा, शंभरेक बाटल्या आणि एक खिडकी. व्यापाऱ्याने साडीचा तुकडा आणून दिला की त्याच रंगाचा कापडाचा ताका निघायला कुठली पूड किती घालायची, हे योगेंद्र काढून द्यायचा. त्याचा हात इतका बसला होता की मूळ तुकडा आणि त्याने रंगवलेला तुकडा शेजारी ठेवला तर व्यापारी स्वतःचाच तुकडा परत करायचा. गल्लीत त्याला कोणी बोरसे म्हणत नसे. 'सायंटिस्ट' म्हणत. "सायंटिस्टची बायको", "सायंटिस्टच्या घरामागची गटार", असा एकूण पत्ता होता.

त्याला नाद एकच, हॉकीचा. खेळण्याचा नव्हे. हातात काठी त्याने आयुष्यात एकदाच, साप मारायला धरली होती आणि सापही निसटला होता. त्याला नाद ऐकण्याचा. रेडिओवर सामना लागला की तो वही घेऊन बसायचा. पास किती, पोचले किती, वाया गेले किती. सकाळी मिलला जाण्याआधी त्याचा निष्कर्ष फळ्यावर यायचा. लोक वाचायचे आणि खाली खडूने आपापलं मत द्यायचे. "बरोबर." "चूक." "तू जाऊन खेळ." "सायंटिस्टला दोन पोरं, त्यांचा अभ्यास कोण घेणार?" काही मतं बिननावाची असायची आणि ती बिननावाची असण्याजोगीच असायची. गोडादऱ्याहून सायकली मारत लोक यायचे, फक्त भांडण वाचायला. पुढे काही वर्षांनी जगात याला ब्लॉग म्हणू लागले आणि शोध कुणा परदेशी माणसाच्या नावावर गेला. नवागामचं हे नेहमीचंच.

तर ती किल्ली. योगेंद्रचं म्हणणं असं की आपले खेळाडू पास देण्याआधी मान वर करून बघतात. त्यात एक सेकंद जातो, आणि त्या सेकंदात समोरचा येऊन उभा राहतो. ज्याला मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून आपला माणूस दिसतो, तो जग जिंकेल. आणि असा माणूस कुठे मिळेल? लूमवर. एक कारागीर आठ-आठ मशिनं सांभाळतो, आणि सहाव्या मशीनवर धागा तुटला तर पहिल्या मशीनवर वाकलेल्या माणसाला तो दिसतो. हे कुठल्या प्रशिक्षकाने शिकवलेलं नाही. पोटाने शिकवलेलं आहे.

फळ्यावर हे चार दिवसांत चार भागांत आलं. पाचव्या दिवशी मिलमध्ये शेठचं बोलावणं आलं.

जशुभाई शेठ गादीवर बसून शेंगदाणे खात होते. त्यांच्या ड्रायव्हरने फळ्यावरचा मजकूर उतरवून आणला होता. उषाबाईच्या नळाच्या वेळांसकट.

"जुओ बोरसेभाई," शेठ म्हणाले, "हे तुम्ही लिहिता ते खरं आहे?"

"शास्त्रीय आहे, शेठ."

"ते मी नाही विचारलं. खरं आहे?"

"हो."

"मग करून दाखवा ने."

टीकाकाराच्या आयुष्यात याहून भयंकर वाक्य नाही. योगेंद्रने त्या क्षणी "माझा तो विषय नाही" असं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि अकरा माणसांचं भलं झालं असतं. पण शेठ बोलतच होते. पांडेसऱ्याच्या एका मिलवाल्याने टीम काढली होती, पगारी, आणि पेपरात त्याचा फोटो आला होता. क्रिकेटला फार लोक, हॉकी राष्ट्रीय खेळ, फोटो नक्की. जशुभाईंकडे मिलच्या मागे मोकळी जागा होतीच. तिथे गोडाऊन बांधायचं होतं, पण ते थांबेल.

"टीम बनवा. माणसं आपल्या खात्यातली घ्या. फेब्रुवारीमधे पांडेसऱ्यासोबत मॅच. जिंकलात तर जागा मैदानाची, माणसं टीमची. हरलात," शेठनी एक शेंगदाणा चोळून फुंकर मारली, "तर गोडाऊन तो बनाववानुं ज छे."

योगेंद्रने लॅबचा राजीनामा दिला. बायकोला, गायत्रीला, त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा ती साडीला टिकल्या लावत होती. नवागामातल्या निम्म्या घरांत हेच काम चालायचं. टिकली चिकटवून झाल्यावर ती म्हणाली, "राजीनामा कशाला? रजा काढली असती."

"अर्ध्या मनाने ही कामं होत नाहीत."

"लॅबचं काम तुम्ही सात वर्षं अर्ध्या मनानेच केलं ना? बरं झालेलं."

मिलच्या हजेरीच्या पत्रकात नवीन खातं उघडलं. फोल्डिंग खातं, पॅकिंग खातं, बॉयलर खातं, त्याखाली हॉकी खातं. खातेप्रमुख: यो. भा. बोरसे. अकरा माणसं लूमवरून आली. त्यांना सहा तास लूम आणि दुपारनंतर मैदान. आधी ड्युटी बारा तासांची होती, सात ते सात, पंधरा दिवस दिवसाची आणि पंधरा दिवस रात्रीची. शेडला खिडकी नाही, कारण वाऱ्याने धागा तुटतो.

गोलकीपर उखा नऊ वर्षं त्या शेडमध्ये होता. पहिल्या दिवशी सराव चालू असताना तो गोल सोडून पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. मागून चार चेंडू गोलात गेले.

"उखा! काय बघतोयस?"

"सूर्य, साहेब."

"कधी पाहिला नाही का?"

"सुट्टीच्या दिवशी बघायचो," उखा म्हणाला, "पण सुट्टीच्या दिवशी झोप लागते. मधल्या वारी तो असा मावळतो हे ठाऊक नव्हतं."

योगेंद्रने त्याला शिस्तीवर दहा मिनिटं सुनावलं. गोलकीपरने सूर्याकडे बघायचं नाही, चेंडूकडे बघायचं. उखा मान डोलवत होता, पण ऐकू किती येत होतं कोण जाणे. लूमवरच्या माणसांचे कान चार वर्षांतच जातात. ती सगळी ओठ वाचून नि हात हलवून बोलतात. योगेंद्रने हेही शास्त्रात बसवलं. बोलण्यात श्वास जातो. मैदानावर हाक मारायची नाही, नाव घ्यायचं नाही, चेहरा शोधायचा नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात आपला रंग दिसला की चेंडू तिकडे. बस.

"चेहरा नाही, रंग!" हे त्याने फळ्यावर लिहिलं. खाली कोणीतरी लिहिलं, "लग्नाच्या वेळी हेच सांगितलं असतं तर."

आणि गंमत म्हणजे ते जमायला लागलं. चार महिन्यांत ती अकरा माणसं, ज्यांनी आयुष्यात हॉकीची काठी धरली नव्हती, मान खाली घालून एकमेकांना असे पास द्यायला लागली की बघणाऱ्याला वाटावं, मैदानावर दोऱ्या बांधल्या आहेत. कप्तान धुडकू तर पाठीमागे उभ्या माणसाला चेंडू द्यायचा. धुडकू चाळिशीचा, हडकुळा, एरंडोलकडचा. तो एकदा पाणी पिताना म्हणाला, "साहेब, घरचे विचारतात, एवढा तब्येतीला कसा सुधरला. मी सांगितलं, ऊन लागतंय."

योगेंद्रला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. तोवर हॉकी फळ्यावर होती. आता अकरा माणसांच्या अंगाला लागलेलं ऊन तिच्यावर टांगलेलं होतं.

मॅच फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली, दुपारी तीन वाजता. जर्सीचं कापड मिलचं होतं, रंग मात्र योगेंद्रने स्वतः काढला. त्यात त्याने जीव ओतला. पांडेसऱ्याची टीम वांगी रंगात उतरते हे कळलं होतं. त्याने चाळीस रंग रंगवले, माणसांना धावायला लावून कोपऱ्यातून कोणता लगेच ओळखू येतो ते पाहिलं आणि मोरपंखी पक्का केला. वांगी आणि मोरपंखी, उन्हात कावळा आणि पोपट. रंग कापडात असा भिनला होता की उलटसुलट कुठली बाजू हे शोधून सापडू नये. योगेंद्रने याचा फळ्यावर उल्लेखही केला.

मिलच्या लॅबमध्ये एक पाटी होती, त्याच्याच हाताने रंगवलेली: 'तीन उजेडांत पाहिल्याशिवाय शेड पास करू नये.' शेड म्हणजे रंगाची छटा. खिडकीचा उजेड, ट्यूबलाइटचा उजेड, आणि बाजारातल्यासारखा पिवळा दिवा. रंग मोठा लबाड असतो. एका उजेडात जुळे भाऊ वाटणारे दोन तुकडे दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखही देत नाहीत, आणि याच्या उलटही होतं. सात वर्षांत या नियमाला योगेंद्रने एकदाही अपवाद केला नव्हता. व्यापारी ओरडले तरी नाही, शेठ ओरडले तरी नाही.

मोरपंखीचा तुकडा त्याने खिडकीत पाहिला. ट्यूबखाली पाहिला. तिसरा दिवा गेलेला होता. नवीन आणायला स्टोअरमध्ये चिठ्ठी द्यावी लागते, आणि आता तो लॅबचा माणूस नव्हता. मॅच तीन वाजता, उन्हात. त्याने तुकड्यावर 'पास' लिहिलं.

घरी नेऊन गायत्रीला जर्सी दाखवली. तिने ती दारात धरली, आत धरली, बोटांनी चाचपली.

"छान आहे. संध्याकाळी कशी दिसते?"

"संध्याकाळचा काय संबंध?"

"साडी संध्याकाळी बघायची असते. लग्नाला संध्याकाळीच नेसतात."

"ही साडी नाही, गायत्री. मॅच तीन वाजता आहे."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा टिकल्या लावायला लागली. संसारातला 'बरं' हा शब्द फार विचार करून ऐकायला हवा. पण शास्त्रज्ञ घाईत असतात.

मॅचच्या दिवशी मैदानाभोवती हजार-बाराशे माणसं. नवागाम, गोडादरा, बमरोली, सगळीकडची. उषाबाईने फळ्यावर सकाळीच लिहिलं होतं: "आज पाणी लवकर भरून घ्या, मॅच आहे." योगेंद्रने ते वाचलं आणि त्याला उगाच भरून आलं. मैदानाच्या चार कोपऱ्यांना शेठनी लोखंडी खांब उभारले होते आणि वर मोठाले पिवळे दिवे. "गोडाऊन झालं तर ट्रक भरायला कामाचे," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. शेठ कुठलीही गोष्ट एका कामासाठी करत नसत.

तीनला मॅच सुरू व्हायची होती. प्रमुख पाहुणे साडेपाचला आले. कोणी विशेष नाराज झालं नाही. पाहुणा मोठा असला की उशीर त्या मानाने कमीच वाटतो. हार झाले, नारळ झाला, राष्ट्रीय खेळावर भाषण झालं आणि त्यात दोनदा क्रिकेटचं उदाहरण आलं. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी शिट्टी वाजली.

पुढची अकरा मिनिटं योगेंद्र बोरसे बरोबर होता.

ज्यांनी ती पाहिली ते अजून सांगतात. पश्चिमेचं ऊन मैदानावर आडवं पडलं होतं आणि त्यात ते मोरपंखी ठिपके सरकत होते. कोणी मान वर करत नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं. चेंडू एका काठीवरून दुसऱ्या काठीवर, तिसऱ्या काठीवर, जणू त्यालाच घर माहीत होतं. पांडेसऱ्याची माणसं नुसती फिरत होती, जत्रेत चुकल्यासारखी. नवव्या मिनिटाला धुडकूने पाठीमागे न बघता चेंडू सोडला, तो बरोबर काठीला लागला आणि गोल झाला. हजार माणसं उडाली. शेठ उठून उभे राहिले. योगेंद्र मात्र खाली बसूनच होता. त्याने वहीत लिहिलं: पास एकतीस, पोचले एकतीस.

मग सूर्य गेला आणि शेठनी दिवे लावायला सांगितलं.

ते दिवे आधी गुलाबी झाले, घरघरले, आणि मग हळूहळू पिवळा, जाड, रॉकेलसारखा उजेड मैदानावर उतरला. योगेंद्रने वर पाहिलं, मग खाली पाहिलं. मोरपंखी कुठेच नव्हता. वांगीही नव्हता. मैदानावर बावीस माणसं होती आणि दोन गोलकीपर सोडले तर वीसच्या वीस एकाच रंगात होती. ओल्या कोळशाच्या.

रसायनशास्त्रात याला मोठं नाव आहे. डाईंगचे कारागीर साधं म्हणतात: शेड फिरली.

पहिला पास धुडकूचाच होता. मान खाली, डोळ्याच्या कोपऱ्यात रंग दिसला, चेंडू तिकडे. अचूक. पांडेसऱ्याच्या माणसाला अचूक. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, पण चालून आलेला चेंडू कोण सोडतो? उखाच्या डाव्या बाजूने गोल झाला. दुसरा तसाच. तिसऱ्यात तर आपल्या चार माणसांनी आपसात नव्हे, तर एकाआड एक समोरच्यांना पास देत चेंडू थेट आपल्याच गोलपर्यंत आणून पोचवला. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले, कारण हे हसण्यापलीकडे गेलं होतं.

मध्यंतराला एक-चार झाले होते. टीम योगेंद्रभोवती येऊन बसली. त्यांचे चेहरे बघून कळत होतं की त्यांना काहीच कळलेलं नाही.

"साहेब," धुडकू म्हणाला, "मी पास बरोबर देतोय. माणूस चुकीचा निघतोय."

"रंग फिरला, धुडकू. दिव्यात रंग फिरला."

"मग काय करायचं?"

योगेंद्र एकेकाची जर्सी दिव्याखाली धरून बघायला लागला. 

उखा म्हणाला, "जर्सी उलटी घालू."

त्यांनी दोघांच्या जर्सी उलट्या करून पाहिल्या. आतून तोच रंग, तितकाच गडद, एक धागाही फिका नाही. सात वर्षांत इतका भिनलेला रंग योगेंद्रने काढला नव्हता.

"मग बनियनवर खेळू. पांढरी दिसतील."

पंचाने नकार दिला. पाहुण्यांबरोबर घरची मंडळी आलेली आहेत, बनियन शोभत नाही. शिवाय तिघांनी बनियन घातलेलंच नव्हतं.

"मग हाका मारा!" योगेंद्र हात हलवत, ओठ मोठे करत ओरडला. "विसरा सगळं! मान वर करा, चेहरे बघा, नावं घ्या, हाका मारा!"

सहा महिन्यांत शिकवलेलं पाच मिनिटांत विसरायला सांगणं हे आपल्याकडे फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये होतं. तरी त्यांनी प्रयत्न केला. दुसऱ्या सत्रात ते ओरडायला लागले, अहिराणीत, घरातल्यासारखे, चेंडू इकडे दे म्हणून. "आठे दे! आठे दे रे!" पण पांडेसऱ्याच्या टीममधली माणसं काय वरून पडली होती? तीही अमळनेर-शिरपूरचीच. दोन मिनिटांत त्यांना खेळ समजला. चारी बाजूंनी आवाज सुरू झाला, "मीच शे भो, आठे दे!" आपल्या माणसांच्या कानांत लूम भरलेला. आवाज येतो, पण कोणाचा ते कळत नाही. अंधुक उजेडात ओठ वाचता येत नाहीत. धुडकू मैदानाच्या मधोमध चेंडू काठीखाली दाबून उभा राहिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बाजारात हात सुटलेल्या लहान मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता. मग कोणीतरी येऊन त्याच्या काठीखालून चेंडू काढून नेला, अगदी हळू, जसा झोपलेल्या माणसाच्या हातातला पेला काढतात.

एक-नऊ.

उखाने त्या दिवशी किती गोल वाचवले ते योगेंद्रने मोजले नाहीत. वही बंद होती.

शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसतमुख होते. पाहुण्यांसोबत त्यांचा फोटो झाला होता.

"बोरसेभाई, पाहुणे म्हणाले, दोन्ही टीममधे ताळमेळ फार सारो, एकदम चांगला."

"शेठ, चूक माझी आहे. माणसांची नाही. पहिली अकरा मिनिटं तुम्ही पाहिली ना? एक मॅच दिवसा द्या. एकच. हरलो तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती, आणि तेच वाईट.

"लॉट खराब निघाला तर आपण पार्टीला काय सांगतो, बोरसेभाई? उजेड खोटा होता?"

 हेच वाक्य योगेंद्रने सात वर्षं लॅबमध्ये सगळ्यांना ऐकवलं होतं.

सोमवारी गोलच्या जागेवर पहिला खड्डा खणला गेला. हजेरीच्या पत्रकात हॉकी खात्यावर लाल रेघ आली आणि अकरा नावं पुन्हा लूम खात्यात गेली, सात ते सात. लॅबमध्ये योगेंद्रच्या खुर्चीवर वलसाडचा नवा केमिस्ट बसला होता. शेठनी योगेंद्रला त्याच्या हाताखाली ठेवून घेतलं. काम एकच: पास होणारा प्रत्येक तुकडा तीन उजेडांत बघायचा. नवीन दिवा आणला होता.

दुपारी तो लूमच्या शेडमध्ये गेला. माफी मागायची होती. दारातून आत पाऊल टाकलं आणि आवाजाने त्याला गिळलं. तो काहीतरी बोलला. स्वतःलाही ऐकू आलं नाही. दोन रांगांमधून तो सरळ शेवटपर्यंत चालत गेला. धुडकू चौथ्या मशीनवर वाकला होता, बाकीचे आपापल्या मशीनवर. त्याला पक्कं ठाऊक होतं की त्या अकराही जणांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला पाहिलं आहे. एकानेही मान वळवली नाही. तसंच शिकवलं होतं.

 घरी गायत्रीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पुन्हा टिकल्या लावायला लागली. 

आठवडाभर फळ्याचा त्याचा अर्धा भाग कोरा राहिला. रविवारी सकाळी, चौकात फारसं कोणी नसताना, तो खडू घेऊन गेला.  मग त्याने लिहिलं:

"भारतीय हॉकीच्या ऱ्हासाचं कारण सापडलं आहे. अकरा माणसांना मी ऊन दाखवलं आणि परत घेतलं. नियम माझा होता, पाटी माझी होती, आणि मी दोनच उजेड पाहिले. यापुढे या फळ्यावर मी काही लिहिणार नाही. – योगेंद्र बोरसे."

उषाबाई कळशी घेऊन जाताना थांबली. तिने वाचलं. नेहमी ती खाली काहीतरी लिहायची, आज तिने आपल्या अर्ध्या भागावरच्या नळाच्या वेळा पदराने पुसल्या, म्हणाली, "एवढं बारीक कशाला लिहिलं, योगेंद्रभाऊ? इकडे पण लिहा की, जागा आहे," आणि निघून गेली.

पण त्याच्याकडे आणखी लिहिण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळाने उखा आला. आठवड्यात पाळी बदलली होती, रात्रीची सुटून आला होता. केसांत, भुवयांत धाग्याचे बारीक तंतू. तो योगेंद्रशेजारी उभा राहून फळा वाचू लागला. अक्षर अक्षर लावत वाचायचा, ओठ हलत होते. योगेंद्र त्याच्या ओठांकडे बघत होता. आठ दिवसांत टीममधला हा पहिला माणूस त्याच्यासमोर आला होता. तो काय म्हणेल, यावर आता सगळं होतं. शिवी दिली तरी चालणार होतं. कानाखाली मारली असती तर योगेंद्र त्याच्या पाया पडला असता.

उखाने शेवटची ओळ वाचून संपवली.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी मी सूर्याकडे बघितलं नाही. तुम्ही सांगितलं होतं ना. मावळत होता, पण नाही बघितलं."

योगेंद्र त्याच्याकडे वळला. तो ओठ मोठे करून, हळू म्हणाला, "उखा, माझं चुकलं. मला माफ कर."

उखाने त्याच्या ओठांकडे नीट लक्ष दिलं. मान डोलवली. मग इकडेतिकडे बघून जरा जवळ सरकला.

"साहेब, एक विचारायचं होतं. ते गोलकीपरचे पॅड मिलमधे पडून आहेत. आमच्या खाटेचा एक पाय मोडलाय, त्याखाली ठेवायला बरं होईल. जोडी नको." त्याने एक बोट वर केलं. "डावा असला तरी चालेल."